बदक, विषाणू आणि पाठभेद

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास ‘बर्ड फ्लू’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत परत येतो. बेळगाव-निपाणी भागातला वाचक तो दोन भाषांत वाचतो. मराठीत ‘बर्ड फ्लू’, कन्नडमध्ये ‘हक्की ज्वर’. शब्द दोन असले तरी परिणाम एकच होतो. कोंबडीचा दर उतरतो, अंड्यांच्या गाड्या नाक्यावर थांबतात, आठवडी बाजारातल्या चिकनच्या दुकानापुढची गर्दी ओसरते. विषाणू नेमका कोणता, तो कोणत्या पक्ष्यात सापडला, कुठल्या वाटेने आला, हे प्रश्न बातमीत क्वचितच विचारले जातात.

अशा मोघम शब्दाची किंमत आपण मोजलेली आहे. मार्च २०२० मध्ये ‘कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो’ ही अफवा मोबाइलवरून पसरली. कोरोनाचा आणि कोंबडीच्या मांसाचा काहीही संबंध नव्हता. तरी दर इतका कोसळला की खाद्याचाही खर्च निघेना, आणि आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात, हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्या गेल्याचे लोकांनी पाहिले. त्या कोंबड्या कोणत्याही विषाणूने मेल्या नाहीत. एका चुकीच्या वाक्याने मेल्या.

म्हणून हा विषय पशुवैद्यांइतकाच भाषेच्या शिक्षकांचाही आहे. पाळीव बदकांतले विषाणू पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलत जातात, त्या बदलाचा आपल्या परड्यातल्या कोंबडीशी संबंध काय, आणि हे सगळे मराठीत नीट कसे सांगता येईल, एवढे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. समजावताना पोथीचा दाखला घेतला आहे. कारण विषाणूचे शास्त्र ज्या पद्धतीने वंशावळ लावते, ती पद्धत पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला अगदी ओळखीची आहे.

आठ सुट्या पानांची पोथी

विषाणू म्हणजे प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला मजकूर. हा मजकूर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. जिवाणू स्वतः खातो, वाढतो, दुभंगतो. विषाणूला यातले काहीच स्वतःहून जमत नाही. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीकडून आपल्या मजकुराच्या नकला करवून घेतो. बातम्यांत ‘विषाणू’ आणि ‘जिवाणू’ हे शब्द अदलून-बदलून वापरले जातात, ते यासाठी टाळायला हवेत. जिवाणूवर प्रतिजैविक चालते, विषाणूवर चालत नाही.

पक्ष्यांच्या फ्लूचा विषाणू ‘इन्फ्लुएन्झा ए’ या गटातला. त्याचा सगळा मजकूर साधारण १३,५०० अक्षरांचा, म्हणजे छापील पुस्तकाची सात-आठ पाने. कोंबडीच्या स्वतःच्या जनुकीय मजकुरात सुमारे १०० कोटी अक्षरे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे विषाणू किती त्रोटक असतो ते कळते. हा मजकूर एका सलग पट्टीवर नसून आठ सुट्या तुकड्यांत विभागलेला असतो. आपल्या जुन्या पोथ्यांची पाने शिवलेली नसत. दोन फळ्यांमध्ये सुटी ठेवून कापडात बांधलेली असत. हा विषाणूही तशीच सुट्या पानांची पोथी आहे. पुढचे बरेचसे नाट्य या सुटेपणातून घडते.

आठांपैकी दोन तुकडे विषाणूच्या बाहेरच्या अंगावरील प्रथिने ठरवतात. पहिले हिमॅग्लुटिनिन, म्हणजे ‘एच’. ते पेशीचे दार उघडते. दुसरे न्यूरामिनिडेज, म्हणजे ‘एन’. नव्या प्रती तयार झाल्या की त्यांना पेशीपासून सोडवून बाहेर काढण्याचे काम ते करते. पक्ष्यांत ‘एच’चे सोळा आणि ‘एन’चे नऊ प्रस्थापित प्रकार मानले जातात. एच५एन१, एच५एन८, एच९एन२ ही नावे त्यावरून आली. म्हणजे ही नावे आठांपैकी दोनच पानांची आहेत. उरलेल्या सहा पानांबद्दल ती काही सांगत नाहीत.

लेखनिकाच्या चुका

नक्कल करताना चुका होतात. आपल्या पेशी डीएनएची नक्कल करताना चूक झाली का ते तपासून दुरुस्त करतात. फ्लूचा विषाणू आरएनएवर लिहिलेला असतो आणि त्याच्या नक्कल करणाऱ्या यंत्रणेत मुद्रितशोधक नाही. त्यामुळे एका पूर्ण नकलेमागे सरासरी एखादी-दुसरी चूक राहून जाते. एक बाधित पेशी हजारो प्रती बाहेर टाकते. एका आजारी पक्ष्यात म्हणूनच एकच विषाणू नसतो, किंचित वेगळ्या प्रतींचा मोठा जमाव असतो.

यांतल्या बहुतेक चुका विषाणूला मारक ठरतात; ती प्रत पुढे चालत नाही. काही चुकांनी फरक पडत नाही. क्वचित एखादी चूक त्या परिस्थितीत सोयीची ठरते. उदाहरणार्थ, पक्ष्याच्या प्रतिकारशक्तीला ओळखीचा असलेला भाग बदलून जातो. मग तीच प्रत जास्त पसरते आणि काही आठवड्यांत बाकीच्या प्रतींना मागे टाकते. यालाच उत्क्रांती म्हणतात.

इथे आपल्या क्रियापदांकडे लक्ष द्यायला हवे. ‘विषाणूने रूप बदलले’, ‘विषाणू हुशार झाला’, ‘विषाणूने औषधाला चकवले’ अशी वाक्ये आपण सहज लिहितो. त्यांत विषाणू कर्ता होतो आणि त्याला हेतू चिकटतो. प्रत्यक्षात विषाणूला काही हवे-नको नसते. चुका आंधळेपणाने होतात. कोणती चूक टिकेल हे यजमान पक्षी, हवा, पाणी आणि माणसाची व्यवस्था ठरवतात. ‘बदललेल्या प्रती टिकल्या’ हे वाक्य कमी चटकदार आहे, पण खरे आहे. त्याचा व्यवहारातला फायदा असा की, त्या कशामुळे टिकल्या, हा पुढचा प्रश्न त्यातून आपोआप निघतो. कर्ता विषाणू असेल तर आपण हतबल ठरतो. टिकवणारी परिस्थिती आपणच निर्माण केली असेल, तर ती बदलताही येते.

चुकांचा अभ्यासकाला मोठा उपयोग होतो. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच चुकीचा पाठ आढळला, तर त्या दोन्ही एकाच आधीच्या प्रतीवरून उतरवल्या असाव्यात, हे पाठचिकित्सेचे मूलसूत्र आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांची वंशावळ लावली ती पाठांच्या अशाच तुलनेने. विषाणूंची वंशावळही तशीच लागते. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या पक्ष्यांतून मिळालेल्या प्रतींची अक्षरे ओळीने मांडतात, समान बदल शोधतात आणि कोण कोणाच्या किती जवळचा ते ठरवतात.

दोन पोथ्यांची पाने एकत्र

पाठभेदांचा दुसरा प्रकार अधिक गुंतागुंतीचा असतो. लेखनिकापुढे एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या असतात आणि तो काही भाग हिच्यातून, काही तिच्यातून घेतो. अशा संमिश्र प्रतीने अभ्यासकाची फार तारांबळ उडते, कारण तिला एक जनक नसतो.

फ्लूच्या विषाणूत हे सर्रास घडते. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू एकाच वेळी शिरले, तर दोघांच्या आठ-आठ तुकड्यांच्या नकला तिथे तयार होतात. बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूत कोणाचा कोणता तुकडा जाईल याचा नेम नसतो. आठ जागा आणि प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणजे २५६ जुळण्या शक्य होतात. अक्षरागणिक होणारा बदल सावकाश साचतो. तुकड्यांची अदलाबदल एका रात्रीत नवा विषाणू उभा करते. १९५७ आणि १९६८ साली जगभर पसरलेल्या माणसांच्या फ्लूच्या साथी अशाच अदलाबदलीतून आल्या होत्या. १९५७ च्या विषाणूत तीन, तर १९६८ च्या विषाणूत दोन तुकडे पक्ष्यांच्या विषाणूतून आलेले होते.

अशी अदलाबदल व्हायची तर एक जागा हवी, जिथे वेगवेगळे विषाणू एकत्र येतील आणि यजमानही लगेच मरणार नाही. ती जागा म्हणजे बदक.

बदकच का?

१९७० च्या दशकात रॉबर्ट वेबस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की बदकांत फ्लूचा विषाणू मुख्यतः आतड्यात वाढतो आणि विष्ठेवाटे मोठ्या प्रमाणात पाण्यात उतरतो. माणसाचा फ्लू शिंकेतून पसरतो, बदकाचा तळ्यातून. थंड पाण्यात हा विषाणू आठवडेच्या आठवडे तग धरतो. एका तळ्यावर चक्रांग, थापट्या, तलवार बदक असे हिवाळी पाहुणे उतरतात, त्याच पाण्यात इथली हळदी-कुंकू बदके असतात, आणि काठावर पाळीव बदके चरतात. इतके वेगवेगळे पाठ एका ठिकाणी जमण्याची सोय दुसरीकडे क्वचितच असेल.

दुसरे कारण बदकाच्या शरीरात आहे. पेशीत परका आरएनए शिरल्याची वर्दी देणारे ‘रिग-आय’ नावाचे एक प्रथिन बदकात असते. कोंबडीत ते नसते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१० साली हे दाखवले. बदकाच्या पेशी लवकर सावध होतात. त्यामुळे ज्या विषाणूने कोंबड्यांचे अख्खे शेड दोन दिवसांत आडवे होते, तोच विषाणू अंगात घेऊन बदक कित्येकदा आरामात पोहत राहते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही बदके एच५एन१ विषाणू तब्बल १७ दिवसांपर्यंत बाहेर टाकत असल्याचे आढळले. त्या काळात विषाणूच्या बदकांना न मारणाऱ्या प्रती पुढे आल्या; इतर प्राण्यांसाठी मात्र त्या तितक्याच घातक राहिल्या. बदक निरोगी दिसणे म्हणजे विषाणू गेला असे नाही.

तिसरे कारण माणसाची शेती. आशियातल्या भातपट्ट्यात बदकांचे कळप कापणी झालेल्या शेतांत चारायला नेतात. पडलेले दाणे, गोगलगायी, किडे खाऊन बदके वाढतात. खाद्याचा खर्च वाचतो, शेताला खत मिळते. थायलंडमध्ये २००४-०५ च्या साथीच्या अभ्यासात एच५एन१ चा प्रादुर्भाव आणि अशी मोकळी चरणारी बदके यांचा ठळक संबंध दिसला. आपल्याकडे याचे सर्वांत मोठे उदाहरण केरळातील कुट्टनाड. समुद्रसपाटीच्या खालची भातशेती, कालवे, आणि त्यांत हिंडणारे हजारोंचे कळप. जंगली पक्षी, पाळीव बदक आणि कोंबडी यांना जोडणारा पूल तिथे वर्षभर उभा असतो.

आपल्या वेदगंगा-दूधगंगा-घटप्रभेच्या पट्ट्यात बदकपालन हा मोठा धंदा नाही. परड्यात कोंबड्यांबरोबर चार बदके, एवढेच त्याचे स्वरूप. पण पूल लहान असला म्हणून तो पूल नसतो असे नाही. कोंबड्या आणि बदके एकाच डबक्याचे पाणी पीत असतील, तर तेवढे पुरते.

कोंबडीच्या शेडमध्ये काय घडते

जंगली बदकांतले बहुतेक फ्लू-विषाणू सौम्य असतात. ते घातक होतात तो प्रवास बहुधा कोंबड्यांत घडतो, आणि तो एका छोट्या जागेवरील बदलामुळे.

‘एच’ प्रथिन कामाला लागण्यापूर्वी एका ठरावीक जागी कापले जावे लागते. ते कापणारी कात्री विषाणूजवळ नसते, पक्ष्याच्या शरीरात असते. सौम्य विषाणूला चालणारी कात्री फक्त आतड्यात आणि श्वासमार्गात मिळते, म्हणून तो तिथेच अडकून राहतो. कापण्याच्या जागी काही विशिष्ट अक्षरांची भर पडली, की शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींत असलेली दुसरी कात्री त्याला चालते. मग तोच विषाणू मेंदू, हृदय, यकृत सगळीकडे वाढतो. एच५ आणि एच७ या दोन प्रकारांत असा बदल निसर्गात वारंवार नोंदला गेला आहे.

असा मारक विषाणू रानात फार काळ टिकणे कठीण, कारण यजमान मेला की पुढचा यजमान लांब असतो. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये पुढचा यजमान वीतभर अंतरावर असतो, तोही जनुकीयदृष्ट्या जवळपास तसाच. तिथे यजमानाला झपाट्याने मारणाऱ्या प्रतीचे नुकसान होत नाही. घातकपणा असा दाटीत फोफावतो. आणखी एक बारकावा: ‘अतिघातक’ हा शास्त्रीय शिक्का मुख्यतः कोंबडीवरील परिणामावरून मारला जातो. म्हणून ‘अतिघातक विषाणू बदकात सापडला’ याचा अर्थ बदके मरत आहेत असा होतोच असे नाही.

ग्वांगडोंगपासून नवापूरपर्यंत

आज ज्याला आपण बर्ड फ्लू म्हणतो, त्या एच५ विषाणूंच्या वंशावळीचा मूळपुरुष १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एका पाळीव हंसात सापडला. १९९७ मध्ये त्याच्या वंशजाने हाँगकाँगमध्ये १८ माणसांना गाठले. त्यांतले सहा दगावले. तिथल्या सर्व कोंबड्या मारण्यात आल्या, पण दक्षिण चीनच्या बदकांत आणि हंसांत ही वंशवेल वाढतच राहिली. २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर हजारो जंगली पक्षी मेले, त्यांत पट्टकादंब मोठ्या संख्येने होते. हाच पट्टकादंब हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतो; गदग जिल्ह्यातला मागडी तलाव त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. चिंगहाईनंतर विषाणूची ही शाखा मध्य आशिया, युरोप, आफ्रिकेपर्यंत पोहोचली.

फेब्रुवारी २००६ मध्ये ती भारतात नोंदली गेली, ती महाराष्ट्रात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत तपासले गेले आणि एच५एन१ निश्चित झाला. लाखो पक्षी मारावे लागले. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यात तो आढळला. माणसांतली लागण मात्र कोणातही सिद्ध झाली नाही. नवापूर हे सीमेवरचे गाव. तिथल्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. लागण पलीकडच्या उच्छल तालुक्यातही निघाली. सीमेवर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. कोगनोळीच्या नाक्यावर गाडी अडवता येते, वेदगंगेवरून उडणारे हळदी-कुंकू बदक अडवता येत नाही.

यानंतर पाठचिकित्सेचा खरा उपयोग दिसला. २००७ मध्ये मणिपुरात आणि २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये पुन्हा एच५एन१ आढळला. नवापूरचाच विषाणू देशात दबून राहिला आणि पुन्हा वर आला, असा सहज समज होण्यासारखी परिस्थिती होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी प्रतींची तुलना केली तेव्हा चित्र वेगळे निघाले. २००६, २००७ आणि २००८ हे तीन स्वतंत्र शिरकाव होते. नाव एक, मूळ प्रती तीन. हा फरक केवळ अभ्यासकांचा नाही. विषाणू दबून राहिला असता तर दोष आपल्या निर्मूलनाचा ठरला असता. तो बाहेरून नव्याने येत असेल तर लक्ष पाणथळ जागांवर आणि पक्ष्यांच्या व्यापारावर ठेवावे लागते.

कुट्टनाडचे उदाहरणही असेच बोलके आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये, नाताळच्या बाजाराच्या तोंडावर, तिथली बदके एच५एन१ ने मेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच भागात पुन्हा बदके मेली, पण या वेळी एच५एन८ ने. पहिला विषाणू २.३.२.१ या शाखेचा, दुसरा २.३.४.४ या शाखेचा. ग्रंथालयातील दशांश वर्गीकरणासारखे हे आकडे वंशवृक्षातली जागा सांगतात. दुसऱ्या विषाणूचे जवळचे नातलग त्याच वर्षी रशिया-मंगोलिया सीमेवरील सरोवरातल्या जंगली पक्ष्यांत सापडले होते. जानेवारी २०२१ मध्ये आलप्पुळा आणि कोट्टयम जिल्ह्यांतील बदकांत एच५एन८ परत आला. त्याच महिन्यात आपल्याकडे परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, आणि फेब्रुवारीत नवापूरवर पंधरा वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली.

एच५एन८ आला कुठून? ग्वांगडोंग वंशाच्या विषाणूने आपले ‘एच’चे पान तसेच ठेवून ‘एन’चे पान दुसऱ्या विषाणूकडून उचलले होते. असा विषाणू २०१० मध्ये चीनमधील बदकात नोंदला गेला, आणि २०१४ मध्ये दक्षिण कोरियाच्या बदकपालन केंद्रांत त्याच्या वंशाची मोठी साथ आली. त्याच्या वंशजांनी नंतर पुन्हा ‘एन१’ उचलला. म्हणजे नाव परत एच५एन१ झाले. २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गायींत पसरलेला विषाणू या नव्या एच५एन१ चा. नवापूरचा एच५एन१ आणि गायींमधला एच५एन१ यांचे नाव एक असले तरी पाठ बराच वेगळा आहे. ‘तोच जुना बर्ड फ्लू’ असे म्हणणे म्हणूनच चुकीचे ठरते.

सगळे विषाणू सारखे बदलत नाहीत

बदकांना होणारा प्रत्येक विषाणूजन्य आजार असा चंचल नसतो. ‘बदकांचा प्लेग’ या आजाराची पहिली नोंद १९२३ साली नेदरलँड्समध्ये झाली. नावात प्लेग असला तरी त्याचा उंदरांच्या प्लेगशी संबंध नाही. तो नागिणीच्या विषाणूच्या दूरच्या नातलगामुळे होतो. हा विषाणू डीएनएवर लिहिलेला, त्याच्या नकलेत दुरुस्तीची सोय आहे आणि मजकूरही सलग आहे. त्यामुळे तो फार सावकाश बदलतो आणि त्याच्यावरची लस दीर्घकाळ उपयोगी पडते. बदकाच्या पिल्लांना होणारी काविळीसारखी विषाणूजन्य यकृतबाधा मात्र आरएनए विषाणूची. तिचे एकाहून अधिक प्रकार आहेत आणि एका प्रकारावरची लस दुसऱ्यावर पुरेशी चालत नाही.

फ्लूच्या लशीची अडचण हीच आहे. मजकूर बदलला की लस मागे पडते. तरीही प्रयत्न होत आहेत. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून पाळीव बदकांना लस देण्यास सुरुवात केली. आदल्या हंगामांत तिथे शेकडो केंद्रांत लागण झाली होती. लशीनंतरच्या पहिल्या हंगामात ती दहा केंद्रांवर आली. लस दिल्यावरही प्रती तपासत राहाव्या लागतात, नाहीतर लसवलेल्या कळपात मुकाट्याने फिरणारा नवा पाठ लक्षात येत नाही.

माणसापर्यंतचे अंतर

पक्ष्यांचा विषाणू ज्या प्रकारच्या दाराला जुळतो, ते दार माणसाच्या नाका-घशात क्वचित आणि फुप्फुसात खोलवर आढळते. म्हणून लागण दुर्मीळ असते, पण झाली तर गंभीर. २००३ पासून जगभर एच५एन१ चे नऊशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांतले जवळपास निम्मे दगावले. भारतातील पहिला नोंदलेला मृत्यू जुलै २०२१ मधला, हरियाणातील एका मुलाचा. त्याआधी २०१९ मध्ये मेळघाटातील एका बाळात एच९एन२ हा सौम्य विषाणू सापडला होता; ते बाळ बरे झाले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने मेले. बाधित मांसातून लागण झाली असावी, असा अंदाज व्यक्त झाला. माणसाकडून माणसाकडे सहज पसरणारा एच५ अजून आढळलेला नाही. नीट शिजवलेल्या मांसात आणि अंड्यात, म्हणजे आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस उष्णता पोहोचल्यावर, हा विषाणू टिकत नाही. ही सगळी वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. भीती घालणारी बातमी त्यांतले एक उचलते, धीर देणारी जाहिरात दुसरे.

नाव घेण्याचे धैर्य

प्रत्येक विषाणूच्या प्रतीला एक लांब नाव असते: गट, पक्षी, गाव, प्रयोगशाळेचा क्रमांक, वर्ष. जगातल्या जनुकीय संग्रहांत नवापूर आणि जळगाव ही नावे अशीच कायमची नोंदली गेली आहेत. कोणाला हा कलंक वाटेल. पण पोथीच्या पुष्पिकेत लेखनिक स्वतःचे नाव, गाव आणि शक लिहून ठेवतो, म्हणूनच पुढच्या अभ्यासकाला ती प्रत कुठे बसवायची ते कळते. गावाचे नाव हा पत्ता असतो. नवापूरने आपले मेलेले पक्षी दाखवले नसते, तर या तीन शिरकावांचा उलगडा झाला नसता.

हे लिहिणे सोपे आणि करणे अवघड आहे. परड्यातल्या पाच कोंबड्या मेल्याचे सांगितले तर एक किलोमीटरच्या आतले सगळ्यांचेच पक्षी मारले जातील, भरपाई कधी आणि किती मिळेल याचा भरवसा नाही, आणि शेजारी बोट दाखवतील. या भीतीने माणूस गप्प बसतो किंवा आजारी पक्षी घाईने विकून टाकतो. विषाणूची एखादी नवी प्रत टिकण्यास याहून सोयीची परिस्थिती नाही. भरपाई वेळेवर देणे शासनाचे काम आहे. शब्दांची भीती कमी करणे हे मात्र आपल्यासारख्यांचे काम आहे.

त्यासाठी शाळा-महाविद्यालयांत फार मोठे काही करावे लागणार नाही. ‘बर्ड फ्लू’ची एखादी बातमी वर्गात घ्यावी आणि विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारायला लावावेत. विषाणूचा प्रकार दिला आहे का? पक्षी कोणता, पाळीव की रानातला? तपासणी कोणत्या प्रयोगशाळेने केली? क्रियापदाचा कर्ता कोण आहे? मराठी आणि कन्नड दोन्ही बातम्या शेजारी ठेवून हे केले तर सीमाभागातल्या विद्यार्थ्याइतका चांगला वाचक दुसरा सापडणार नाही. तो रोज दोन पाठ ताडून पाहतच वाढलेला असतो. आणि घरी सांगायच्या गोष्टी तर साध्याच आहेत: बदके आणि कोंबड्या यांचे पाणी वेगळे ठेवावे, मेलेला पक्षी ओढ्यात टाकू नये, एकाएकी दोन-चार पक्षी मेले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे.

शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती जमवून पाठ शुद्ध केला, कारण नकलांमागून नकला होताना तो बिघडला होता. विषाणूच्या बाबतीत शुद्ध पाठ असा नसतोच. प्रत्येक प्रत तिच्या काळापुरती खरी असते. म्हणून इथले पाठशोधन कधी पूर्ण होत नाही. प्रत्येक हिवाळ्यात पक्षी उतरतात, नव्या प्रती घेऊन येतात, आणि कोणीतरी त्या नीट वाचाव्या लागतात.